फुली

दारावरच्या पोराने कपाळावर बंदूक रोखली.
सत्त्याण्णव पॉइंट दोन.
"ठीक है अंकल, जाइए."
म्हटलं, बाबा रे, आत्ता ठीक,
द्रुत सुरू झाल्यावर पुन्हा मोज.
त्याला कळलं नाही. मास्कमधून विनोदही
निम्माच बाहेर पडतो.

लष्करातलं तेच सभागृह, नई सडकेच्या पोटात.
ग्वाल्हेरची पौषातली थंडी, खिशात गजकेची पुडी,
आणि अत्तराच्या जागी तळहातांना सॅनिटायझरचा दर्प.
दहा महिन्यांनी कुणीतरी समोर बसून गाणार होतं.
खुर्च्या एकशेवीस, माणसं चाळीस.
एकाआड एक खुर्चीवर पिवळ्या टेपची फुली.

माझ्या शेजारची फुली इंदापूरकरांची.
म्हणजे तशी कुणाचीच नाही, पण एकोणतीस वर्षं
तिथे तेच बसत आले
आणि माझ्या गुडघ्यावर बोटाने मात्रा मोजत आले,
मी कितीही पाय आवरला तरी.
यंदा मुलाने त्यांना डबऱ्याला नेऊन ठेवलंय,
गेटला कुलूप, किल्ली सुनेकडे.
दुपारी फोनवर म्हणाले, "मला खुर्चीवर ठेव."
"काय?"
"फोन रे. माझ्या खुर्चीवर. उपडा नको."

ठेवला. बरोबर फुलीच्या मध्यावर.

अवंतिका दाणेकर, असेल सव्वीस-सत्तावीसची.
बसली, मास्क काढला, रुमालासारखी घडी करून
मांडीखाली सारला,
आणि आम्ही सगळे तिच्या हनुवटीकडे बघत राहिलो.
किती दिवसांनी परक्या माणसाचे ओठ.
तिचा श्वास पोचू नये म्हणून
पुढच्या तीन रांगा मोकळ्या ठेवल्या होत्या.
आणि आम्ही तर श्वासासाठीच आलो होतो.

छायानट. तिलवाडा.
आवर्तन इतकं ऐसपैस
की मधे माणसाला घराची कडी लावली का ते आठवावं,
लावली होती हेही आठवावं,
आणि तरी समेला वेळ उरावा.
मी रांगेकडे पाहिलं: भरी, खाली, भरी, खाली.
लहानपणी वहीत असंच लिहून घेत असत.
खालीला शून्य.
समेला फुली.

टेप चिकटवणाऱ्या पोराला कुणी सांगितलं असेल हे?

सम आली. मास्कांत कुणाची दाद सुटेना,
नुसते हात वर गेले, चष्मे धुकटले,
मागून कुणीतरी हुंकारलं, खोकल्याच्या भीतीने थांबलं.
तेवढ्यात, तब्बल एका मात्रेने उशिरा,
शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून
"आऽहाहा!"
डबऱ्याचं नेटवर्क.

"अंकल, फोन!" पोरगा धावत आला.
सलामतभाईंचा डगा हसल्यासारखा घुमला.
तिने मात्र वर पाहिलं. माझ्याकडे नाही,
त्या खुर्चीकडे.
डोळे मिटले, पुढचं आवर्तन उचललं,
आलापाच्या दोन पायऱ्या गाळून मुखडा धरला
आणि समेच्या एक मात्रा आधीच येऊन उभी राहिली.
सलामतभाईंची भुवई चढली.
मग ठेका आपल्या पावलांनी समेवर आला,
आणि नेमकी त्याच क्षणी
फुलीवरून
इंदापूरकरांची दाद.

पोरगा फोनवर वाकलेला होता, तसाच थांबला.
हात मागे घेतला.

रात्री बाड्याकडे चालत निघालो, फोन कानाला.
किल्ल्यावर धुकं, टेंपो एकही नाही.
"अनागत का घेतलं रे तिने?" ते विचारत होते,
"तिलवाड्यात, असं, अवचित?
पोरगी तयार आहे, पण कारण काय?"
मी मास्क खाली ओढून गजकेचा तुकडा तोडला.
"थंडी फार आहे हो इथे," म्हटलं.
"ते सोड. का घेतलं?"

डावा गुडघा उगाच हलका वाटत होता.